हौसाची जागा

जहाजाच्या सहलीचं बोलणं निघालं तेव्हा नीलम्मानं सरळ नको म्हणून सांगितलं. सगळा जन्म सोलापुरात गेलेल्या बाईला पाणी म्हणजे चार-पाच दिवसांआड नळाला येणारं, पिंपात भरून झाकून ठेवायचं. त्याच पाण्यावर दिवसचे दिवस तरंगायला माणसं हौसेनं जातात, हे तिला पटेना. पण लेक आरोही हट्टाला पेटली होती. तिचे वडील शिवयोगी गेल्याला तीन वर्षं होत आली होती. नव्या पेठेतलं टॉवेल-चादरीचं दुकान पुतण्या सांभाळत होता, आणि नीलम्मा शुक्रवार पेठेतल्या घरात एकटीच, मोठ्या पलंगाच्या आपल्या अर्ध्या बाजूला झोपत होती.

"आम्ही दोघं एका केबिनमध्ये," आरोही पुण्याहून फोनवर म्हणाली, "आणि तू, आई नि मावशी दुसरीत. तिघी मिळून गप्पा मारा."

आई म्हणजे आरोहीची सासू, सारजाबाई. मावशी म्हणजे सारजाबाईंची धाकटी बहीण, वच्छला. दोघी जेऊरच्या. आरोहीनं आणि उदयसिंहनं आपलं आपण ठरवून लग्न केलं, त्याला पाच वर्षं झाली होती. लिंगायतांच्या घरची मुलगी मराठ्यांच्या घरात गेली, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी थोडी थोडी तोंडं फिरवली आणि नंतर सरळ केली. विहिणी-विहिणींचं वाकडं काही नव्हतं. ओटी, साडी, चहा, "येत जावा की" एवढ्यावर सगळं चाललं होतं. पण एका खोलीत झोपायचं म्हणजे घोरणं, कवळी, पोटाच्या तक्रारी, सगळंच समोर येणार. नीलम्माला त्याचाच जास्त संकोच वाटत होता. तरी जावयानं स्वतः फोन केला, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही.

एप्रिल संपता संपता सगळी मुंबईला जाऊन जहाजावर चढली.

खोली बघून नीलम्माला दुकानाच्या मागची मालाची खोली आठवली. दोन अरुंद पलंग, त्यांच्यामध्ये एक माणूस आडवं होऊन जाईल एवढी वाट, आणि तिसरा पलंग भिंतीतून ओढून खाली आणायचा, शिडीनं चढायचा. खिडकी नव्हतीच. उदयसिंह ओशाळून म्हणाला, "उशिरा ठरलं ना, वरच्या खोल्या संपल्या होत्या." ती खोली प्रवाशांच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, बोळाच्या पार टोकाला होती. भिंतीला हात लावला तर बारीक थरथर लागायची, आणि कान लावला तर पलीकडून काहीतरी सारखं घासत चालल्यासारखं ऐकू यायचं.

"पानी हाय ते," सारजाबाई म्हणाल्या. "भिताडापल्याड लगीच पानी."

वच्छला साठी ओलांडलेली होती, पण अंगानं वाळकी आणि चपळ. न विचारता ती शिडी चढून वर जाऊन बसली. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून ती थोरल्या बहिणीच्या घरी राहत आली होती. कमी बोलायची. बोललीच तर "व्हय" नाहीतर "असंल की."

पहिल्या सकाळी नीलम्मा पलंगावर मांडी घालून, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसली. डोळे उघडले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. दोघी बहिणी बाहेर बोळात भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आत यायचं की," नीलम्मा म्हणाली.

"तुमचं चाललं व्हतं," सारजाबाई म्हणाल्या. "रात्री आमी मासं खाल्लं. म्हनलं, कशाला इटाळ."

त्या एवढ्याशा गोष्टीनं नीलम्माच्या मनातला संकोच बराच कमी झाला.

गोवा मागं पडला, आणि दुसऱ्या दिवशी नुसता समुद्र होता. वर ऊन मी म्हणत होतं. दुपारी जेवून तिघी खाली आल्या. दिवा मालवला आणि खोलीत असा अंधार झाला, की डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. सोलापुरात भर दुपारी कितीही दारं लावली तरी फटीतून उन्हाची एक तरी काडी आत येते. इथं काहीच नव्हतं. भिंतीपलीकडचं घासणं ऐकत नीलम्माचा डोळा लागला.

पलंगाची कड दबली, तशी ती अर्धवट जागी झाली. कुणीतरी बेतानं बसलं होतं. सारजाबाई मोरीकडून येताना चुकल्या असतील, असं तिला वाटलं.

"विहीणबाई, तुमचा पलंग तिकडं," ती झोपेतच म्हणाली.

 बसलेलं माणूस तिच्याकडं पाठ करून आडवं झालं, आणि हळू आवाजात म्हणालं, "सरक की गं."

नीलम्मा सरकली. चाळीस वर्षं नवऱ्याशेजारी झोपलेल्या बाईचं अंग असल्या गोष्टी डोक्याला विचारून करत नाही. ती भिंतीला चिकटली, शेजारच्या पाठीला जागा झाली. मग हळूहळू तिच्या ध्यानात येत गेलं. ती पाठ फार लहान होती. लुगड्यातून गारवा आत झिरपत होता. आणि वास येत होता. समुद्राचा खारा वास नव्हे. उन्हाळ्यात तळं आटत आलं, की काठाला उघड्या पडलेल्या काळ्या चिखलाला येतो तो.

तिनं चाचपडत दिव्याचं बटण दाबलं.

शेजारी कुणी नव्हतं. वर वच्छला भिंतीकडं तोंड करून झोपली होती. समोरच्या पलंगावर सारजाबाई कुशीवर पडून होत्या. त्यांचे डोळे उघडे होते आणि नीलम्माच्या पलंगाच्या कडेकडं लागले होते.

"आली व्हती व्हय?" त्यांनी विचारलं. दूधवाला येऊन गेला का, असं विचारावं तसं.

नीलम्मानं शेजारची जागा चाचपली. चादरीवर कडेकडेनं ओल उमटली होती. "एसी गळतोय वाटतं," ती कशीबशी म्हणाली.

सारजाबाई उठल्या. ओलीवर बोट टेकवून त्यांनी ते जिभेला लावलं. "खारं न्हाय."

"एसीचं पाणी खारं नसतंय की."

"व्हय," सारजाबाई म्हणाल्या, "पन त्याला गाळाचा वास नसतुय." त्यांनी बोट नीलम्मासमोर धरलं. नखाच्या कडेला काळी रेघ होती.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर उघड्यावर बसून तिघींनी चहा घेतला. कुठंतरी गाणी लागली होती, पोरं पोहण्याच्या हौदात उड्या मारत होती. तिथं, माणसांच्या गलक्यात, सारजाबाईंनी सांगितलं.

त्यांचं माहेर भीमेच्या काठाला होतं. तिघी बहिणी. थोरली हौसा, मग सारजा, आणि वच्छला तेव्हा पाळण्यात. रात्री हौसा नि सारजा एका वाकळंखाली झोपायच्या. हौसाला घरातली कामं असायची, ती सगळ्यात मागनं यायची आणि काठाला शिरताना म्हणायची, सरक की गं. दहा वर्षांची होती. ताप आला नि दोन दिवसांत गेली. लेकराला जाळत नाहीत, म्हणून मळ्यात लिंबाखाली पुरली.

"मग धरन झालं," सारजाबाई म्हणाल्या. "माजं लगीन झालं व्हतं तवा. गाव उठलं. लोकांनी देव हलीवलं, वासं हलीवलं, चौकटी काढून गाड्यात घातल्या. पुरल्याली मानसं तितंच ऱ्हायली. बा एकदा आयला म्हनला, हौसाला काडून न्यायची का? आय म्हनली, झोपल्याली पोर उठवू नगा. मग पानी चडलं."

"याच्याआधी कधी आली होती?"

"न्हाय. जेऊरचं घर कोरड्यात हाय. पान्याला पाठ लावून आमी कवा झोपलो?"

नीलम्मानं कप खाली ठेवला. तिच्या घरात माणसं पुरायचीच रीत. शिवयोगीला तिनं स्वतः मातीत बसवलेलं पाहिलं होतं, मांडी घातलेला, गळ्यात हार. त्या मातीवरून कधी पाणी फिरेल, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"पण माझ्याकडं का?" तिनं विचारलं. "मी तर परकी."

"मी जागी व्हते. मला कळलं, ती आलीया. पन माज्यानं हललं न्हाय, हातपाय गार पडलं," सारजाबाई म्हणाल्या. "तुमी सरकलात. तुमी जागा दिली."

 वच्छलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. "मी तिला बगितलीच न्हाय," ती म्हणाली. "मला पाळन्यात तीच झोके द्यायची म्हनं. माज्याकडं याया पायजे व्हती."

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलानं नीलम्माचा पलंग मागून घेतला. नीलम्माला शिडी चढवेना, म्हणून ती सारजाबाईंच्या पलंगावर शिरली. दोन विहिणी एका अरुंद पलंगावर, पाठीला पाठ लावून. एरवी दोघी हसल्या असत्या. समोर वच्छला भिंतीला चिकटून झोपली, कडेची सगळी जागा मोकळी ठेवून. दिवा मालवला. अंधारात वच्छला हळूहळू बोलत होती. "ये, हौसाक्का. हितं ये. लई जागा हाय."

बराच वेळ काही झालं नाही. मग नीलम्माच्या पोटाशी, पलंगाच्या अगदी काठाला, जिथं वीतभरसुद्धा जागा नव्हती, तिथं गादी दबली. ती ओरडली नाही. मागं सरकली. सारजाबाईंचं अंग ताठ झालेलं तिच्या पाठीला कळलं. तिघी तशाच पडून राहिल्या. थोड्या वेळानं नीलम्माच्या हातावर एक हात आला, ओला, बोटं बारीक. तिनं तो झटकला नाही. का झटकला नाही, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

समोर वच्छला मोकळ्या जागेकडं तोंड करून रडत होती.

मुंबईला उतरताना वच्छला खोलीच्या दारात थांबून राहिली. सारजाबाईंनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. नीलम्मा पुढं चालली होती. मागं वळून बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

मे महिन्यात सोलापूर भट्टीसारखं तापलं. फरशीवर पाय ठेववेना. धुतलेला कपडा पिळून टाकेपर्यंत वाळायचा. घरी येऊन आठवडा झाला आणि एका दुपारी नीलम्मा उठली, तर शिवयोगीच्या बाजूची गादी ओली होती. पंख्याच्या वाऱ्यावर काळ्या चिखलाचा वास खोलीभर फिरत होता.

ती कुणाला काही बोलली नाही. पहिले काही दिवस ती भीतीनं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपली. मग एका दुपारी परत पलंगावर गेली. पंखा होता तरी उकाडा सोसवत नव्हता, आणि शेजारून येणारा गारवा बरा वाटत होता, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तीन वर्षं ती पलंगाच्या त्या बाजूला हात टाकायचं टाळत आली होती. आता तिथं कुणीतरी होतं. ते पुष्कळ वाटायचं.

जूनमध्ये तिला खोकला धरला. तो हटेना. आरोही पुण्याहून आली. अंथरूण झटकायला गेली नि तिचा हात गादीला लागला. तिनं चादर बदलली. संध्याकाळी चहा देताना ती फार हळू आवाजात म्हणाली, "अव्वा, या वयात होतं असं. लाजायचं नाही. आपण डॉक्टरकडं जाऊ."

नीलम्माला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिची मान खाली गेली. लेकीला काय सांगणार? ती डॉक्टरकडं गेली, तपासण्या केल्या. सगळं ठीक निघालं. छातीत मात्र ओल धरल्यासारखं ऐकू येतंय, असं डॉक्टर म्हणाले, आणि घरात कुठं भिंत पाझरते का, असं त्यांनी विचारलं. आरोही पुण्याला परत गेली, त्याच दिवशी नीलम्मानं जेऊरला फोन लावला.

दोघी बहिणी सकाळच्या गाडीनं आल्या. वच्छलानं पिशवीतून खणाचं परकर-पोलकं आणलं होतं, दहा वर्षांच्या पोरीला होईल असं. सारजाबाई पलंगाजवळ उभ्या राहिल्या, ओल हातानं चाचपली, आणि खाली बसल्या.

"आमची हाय," त्या म्हणाल्या. "आमाला द्या, इहीणबाई. तुमची छाती भरून आलीया."

"मी कुठं धरून ठेवलंय? न्या की."

"आमी बोलावून न्हाय यायची. जागा दिली त्यानंच उटवायचं असतंय. तुमी सांगा."

दुपारची जेवणं झाल्यावर खिडक्या लावल्या. वच्छला मध्ये आडवी झाली, परकर-पोलकं छातीशी धरून. नीलम्मा पायथ्याशी बसली. गादी दबलेली तिघींनी पाहिली. तिथं चादरीला खळगा पडला, आणि त्या खळग्यात हळूहळू ओल पसरत गेली.

नीलम्मा त्या खळग्याकडं वाकली. "हौसव्वा," ती म्हणाली, "ही तुझी बहीण हाय. तुला न्यायला आलीया. हिच्याबरोबर जायचं बरं का, बाळा."

खळगा तसाच राहिला.

"जा म्हना," सारजाबाई कुजबुजल्या.

नीलम्मानं तोंड उघडलं, आणि जन्मभराच्या सवयीनं जे कानडी शब्द यायचे तेच आले. "होगी बा, हौसव्वा."

चादरीवरचा खळगा भरून आला.

"म्हंजी काय म्हनलात?" सारजाबाईंनी विचारलं.

"जा म्हटलं," नीलम्मा म्हणाली.

तिनं निम्मंच सांगितलं होतं. होगी बा म्हणजे जाऊन ये. त्यांच्या घरात निघालेल्या माणसाला कुणी नुसतं जा म्हणत नसे. रोज सकाळी दुकानाला निघालेल्या शिवयोगीला ती हेच म्हणायची, सासरी निघालेल्या आरोहीलाही हेच म्हणाली होती. नुसतं जा कसं म्हणायचं, हे तिच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. निदान तिनं स्वतःला तसं समजावलं.

वच्छला उठली. तिचा उजवा हात अंगापासून थोडा लांब, खाली धरलेला होता, लहान पोराचं बोट धरावं तसा. जिन्यावर ती पायरीपायरीला थांबत उतरली. रिक्षात ती अंग चोरून बसली, मध्ये जागा ठेवून. सारजाबाई दुसऱ्या टोकाला. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. नीलम्मा खिडकीतून बघत उभी राहिली.

गादी वाळली. खोकला आठवड्याभरात गेला. आरोहीला फोनवर ते ऐकून हायसं वाटलं. जेऊरहून सारजाबाई सांगायच्या, की वच्छी आता तासन्‌तास बोलत बसते, हसते, दोन ताटं वाढून घेते. घरातले बघतात, पण म्हातारीला कोण काय म्हणणार? नीलम्मा "बरं झालं" म्हणायची. दुपारी तिला झोप लागत नसे. पलंग फार मोठा वाटायचा.

श्रावण लागला. नागपंचमी दोन दिवसांवर आली होती. नीलम्मानं लाह्या आणल्या, तंबिटाचे, म्हणजे भाजल्या पिठाचे, लाडू वळले. लेकी माहेरी येण्याचा सण, पण आरोहीला सुट्टी नव्हती. दुपारी नीलम्मा खोलीत गेली, तर गादी ओली होती.

तेवढ्यात फोन वाजला. सारजाबाई होत्या. "वच्छी सकाळधरनं रडतीया. हौसा गेली म्हनती. तुमच्याकडं हाय का?"

"हाय," नीलम्मा म्हणाली. "पंचमीला आलीया."

पलीकडं वच्छलाचं रडणं ऐकू येत होतं. मग सारजाबाई म्हणाल्या, "म्हंजी तुमी नुसतं जा न्हवतं म्हनलं."

"नाही."

"बरं," सारजाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

नीलम्मानं त्या दिवशी पदर खोचला आणि नवी पेठ गाठली. पंचमीला लेकीला बांगड्या भरायच्या असतात. बांगड्यांच्या दुकानात बायकांची झुंबड होती. दुकानदारीण तिच्या ओळखीची, मुनिराबी. तिनं विचारलं, "किसके वास्ते, अम्मा? नात आयी क्या?"

"लहान पोरगी हाय," नीलम्मा म्हणाली. "दहा वर्षांची."

हिरव्या, बारीक, लहान मापाच्या काचेच्या बांगड्या घेऊन ती घरी आली. पंचमीच्या दुपारी तिनं त्या ओल्या बाजूच्या उशीवर ठेवल्या, शेजारी वाटीत एक लाडू. खिडक्या लावल्या, फटीतून येणाऱ्या उन्हावर जुनी चादर टांगली, आणि ती आडवी झाली. थोड्या वेळानं गादी दबली. नीलम्मा सरकली.

तिला जाग आली ती काच तडकल्याच्या आवाजानं. एक, मग दुसरी. मग कुणीतरी जोर लावल्यासारखा दबका हुंकार, आणि आणखी काच. ती निपचित पडून राहिली. सगळं थांबल्यावर तिनं दिवा लावला.

उशीवर हिरव्या काचांचा चुरा पडला होता, भिजलेला. एकही बांगडी धड नव्हती. कुणीतरी त्या एकेक करून हातात चढवायचा प्रयत्न केला होता, आणि हात गेला नव्हता. उशीच्या खोलगट भागात एक केस होता. तिनं तो दोन बोटांत धरून उचलला. तो वर येतच गेला, तिच्या हाताच्या लांबीपेक्षा लांब.

नीलम्मा पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिली. कालपासून तिच्या ध्यानात येत होतं, आणि ती ते मनाआड करत होती. गादी पहिल्यापेक्षा खोल दबत होती. पाठीला लागणारी पाठ आता तिच्या पाठीएवढी रुंद होती. आणि सरक असं कुणी म्हणालं नव्हतं. नुसतं शेजारी येऊन पडलं होतं, घरचं मोठं माणूस येऊन पडतं तसं. मिळाली तेवढ्या जागेत पोर वाढत गेली होती.

तिनं काचा गोळा करून कागदात बांधल्या. ओली चादर काढली, नवी घातली. लाडवाची वाटी रिकामी होती, ती घासून पालथी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत मुनिराबीच्या दुकानात गेली. सण उरकलेला, गर्दी नव्हती.

"लहान झाल्या," नीलम्मा म्हणाली. "मोठ्या द्या."

"बच्ची को साथ लाते तो माप लेती," मुनिराबी म्हणाली. "ऐसा अंदाजे से कैसा देना?"

शिवयोगी गेल्यापासून नीलम्माच्या हातात काच नव्हती. तिनं दोन्ही हात एकमेकांवर ठेवून क्षणभर विचार केला आणि उजवा हात पुढं केला. "माझ्याएवढाच हाय," ती म्हणाली.

मुनिराबीनं तिचा पंजा हातात घेतला, बोटं जुळवून दाबली, आणि थांबली. तिनं नीलम्माच्या तोंडाकडं बघितलं. मग खांद्यावरचं फडकं घेऊन तिनं तो गार, ओला हात आधी कोरडा पुसला, आणि हिरव्या बांगड्या काढायला वळली.